लिफ्ट केलेल्या गाडीसाठी जॅक: आधी टेप काढा, मग पाकीट

थार, जिम्नी, गुरखा, जुनी जिप्सी, गाडी कुठलीही असो, दोन-तीन इंचाचं लिफ्ट किट टाकलं, मोठे एमटी (मड टेरेन, म्हणजे चिखलाचे) टायर बसवले, बंपर झाला, विंच झाली, लायटी झाल्या आणि मागच्या सीटखाली जॅक मात्र कंपनीनं दिलेला तोच. मग कुठेतरी आडरानात पंक्चर होतं, जॅक पूर्ण उघडला तरी चाक जमिनीलाच चिकटलेलं, आणि मंडळी जॅकखाली दगड रचायला लागतात. याच्या उलट प्रकारही तितकाच चालतो: कोणीतरी सांगितलं म्हणून ट्रकच्या पार्टच्या दुकानातून दणकट दहा टनी बॉटल जॅक (बाटलीसारखा उभा, तेलाच्या दाबावर चालणारा) आणायचा आणि टायरची हवा गेल्यावर तो एक्सलखाली, म्हणजे दोन चाकांमधल्या आडव्या दांड्याखाली, शिरतच नाही. दोन्हीकडे चूक एकच आहे, उंची मोजलीच नाही. एक कोपरा उचलायला या गाड्यांना दहा टन कधीच लागत नाहीत, लागते ती बरोबर उंची, खालची पण आणि वरची पण.

खालचे टप्पे याच क्रमानं करा. जॅक चौथ्या टप्प्यात घ्यायचाय, आणि बरेच जण तिथूनच सुरुवात करतात म्हणून हे लिहितोय. (लिफ्ट आरटीओच्या नियमात बसते का हा वेगळा आणि मोठा विषय आहे, इथे नको.)

## १. गाडी नेमकी कशानं उंच झालीये ते बघा

लिफ्ट म्हटलं की सगळे एकाच आकड्यात बोलतात, "माझी तीन इंच वर आहे". पण जॅकसाठी तो आकडा तसा उपयोगाचा नाही.

सस्पेन्शन लिफ्टमध्ये, म्हणजे स्प्रिंग, शॉकअप बदलून किंवा स्पेसर टाकून केलेल्या लिफ्टमध्ये, चेसी (गाडीची खालची लोखंडी चौकट) वर जाते पण एक्सल होता तिथेच राहतो. एक्सल वर जातो तो फक्त मोठ्या टायरमुळे, आणि तोही टायरचा व्यास जितका वाढला त्याच्या निम्मा. थारचा कंपनीचा २५५/६५ आर१८ टायर साधारण ७८९ मिमी व्यासाचा, त्याजागी ३३ इंची म्हणजे साधारण ८३८ मिमीचा बसवला तर एक्सल वर गेला फक्त २५ मिमीच्या आसपास. बॉडी लिफ्ट केली असेल तर चेसीसुद्धा जागची हलत नाही, फक्त वरचा सांगाडा वर जातो, म्हणजे जॅकच्या दृष्टीनं काहीच बदललं नाही.

याचा अर्थ असा की जॅक एक्सलखाली लावणार असाल तर तुमच्या तीन इंच लिफ्टशी त्याला देणंघेणं नाही. आणि चेसीला लावणार असाल तर लिफ्टचे तीन इंच तर आहेतच, शिवाय स्प्रिंग सैल पडून एक्सल खाली लोंबकळतो ते पण मोजायचं. लिफ्ट किटसोबत लांब शॉकअप आले असतील तर हे लोंबकळणं आणखी वाढतं. कंपनीचा जॅक कमी पडतो तो बहुतेक वेळा इथे.

## २. जॅक कुठे टेकवणार ते ठरवा

गाडीखाली घुसा, टॉर्च घ्या, नीट बघा. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच नळीवर. गुरखाला मागे अखंड, पुढे मात्र मॉडेलनुसार फरक पडतो, खाली वाकून बघा. २०२० नंतरच्या थारला मागे अखंड एक्सल पण पुढे इंडिपेंडंट, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळ्या आर्मवर. जुनी थार सीआरडीई आणि बोलेरोलाही मागे अखंड एक्सल, पण पाट्यांवर (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर). जिप्सीला चारही बाजूंना पाटे.

अखंड एक्सल असेल तिथे जॅक एक्सलच्या नळीखाली, चाकाच्या जितका जवळ जाईल तितका लावा. पाट्यांची गाडी असेल तर पाटा जिथे यू-बोल्टनं एक्सलला आवळलाय त्याच्या शेजारी नळीवर. यू-बोल्टच्या आट्यांवर टेकवू नका, आटे वाकले की नंतर नट खोलताना शिव्या बसतात.

पुढे इंडिपेंडंट असेल तर मॅन्युअलमध्ये दाखवलेली चेसीची जागा सगळ्यात सुरक्षित. लोअर आर्मखाली बॉल जॉइंटच्या जवळ जॅक लावून कमी उंचीत काम होतं हे खरं आहे, पण आर्म वर जाताना त्याचा कोन बदलत जातो आणि जॅकचं डोकं हळूहळू बाहेर सरकतं, त्यामुळे खाच असलेलं डोकं नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

कुठे लावायचा नाही ते पाठच करा: टाय रॉड, पॅनहार्ड रॉड, इंजिनचा ऑइल संप, गिअरबॉक्स, डिफरन्शियलचं पत्र्याचं झाकण, इंडिपेंडंट गाडीचं पुढचं डिफरन्शियल, आणि दिसायला भारी पण चार छोट्या बोल्टवर लटकलेला साइड स्टेप. साइड स्टेप आणि रॉक स्लायडर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चेसीला नीट वेल्ड किंवा बोल्ट केलेला जाड पाइप असेल तर तो स्लायडर, बाकी सगळं पाय ठेवायला.

तपासा: चारही चाकांसाठी जागा ठरली का? ठरली असेल तर तिथे पिवळ्या ऑइल पेंटचा एक ठिपका मारून ठेवा. रात्री पावसात चिखलानं माखलेल्या गाडीखाली शोधाशोध करायची वेळ येत नाही.

## ३. हवा सोडून मोजा

हा टप्पा कोणी करत नाही. भरलेल्या टायरवर उभ्या गाडीखाली टेप धरतात आणि खूष होतात. पंक्चर झाल्यावर गाडी त्या उंचीवर नसतेच ना.

सपाट काँक्रीटवर गाडी लावा, हँडब्रेक, बाकीच्या चाकांना दगड. एका मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह काढून पूर्ण हवा सोडा. आता तीन मापं घ्या आणि कागदावर लिहा:

पहिलं, हवा नसताना जॅकच्या जागेची जमिनीपासून उंची. याला "खालचं माप" म्हणू.

दुसरं, हवा परत भरल्यावर त्याच जागेची उंची, त्यात साधारण ४० मिमी मिळवा. टायर गाडीच्या वजनानं थोडा दबलेला असतो, तो सुटा असताना पूर्ण गोल होतो, शिवाय चाक चढवायला खाली बोटभर फट लागते. हे "वरचं माप".

तिसरं माप फक्त चेसीवर जॅक लावणाऱ्यांसाठी. चाक हवेत जाईपर्यंत चेसी किती वर न्यावी लागते ते गॅरेजच्या ट्रॉली जॅकवर एकदा उचलून मोजा. अंदाज करू नका, इथे अंदाज हमखास कमी निघतो.

उदाहरण म्हणून जिम्नी घेऊ, २१५/७५ आर१५ टायर टाकलेली. टायर सुटा असताना त्याची त्रिज्या साधारण ३५२ मिमी. एक्सलची नळी ७५ मिमी जाडीची धरली तर भरलेल्या टायरवर नळीची खालची बाजू जमिनीपासून ३०० मिमीच्या आसपास येते. हवा गेल्यावर रिम जवळजवळ जमिनीवर, मधे फक्त दुमडलेलं रबर, म्हणजे नळीची खालची बाजू उरली १९५ च्या आसपास. आणि स्टेपनी चढवायला ती जायला हवी ३४० पर्यंत. हे सगळं कागदावरचं गणित आहे, तुमच्या गाडीचं तुम्ही मोजायचंय.

आता गंमत बघा. मऊ जमिनीवर जॅकखाली फळी लागतेच, १८ मिमी प्लायच्या दोन थरांची धरली तर ३६ मिमी तिथेच गेले. म्हणजे १९५ मधून ३६ वजा, उरले १५९. बंद असताना त्याच्याहून बुटका जॅक हवा. बाजारात दोन टनी बॉटल जॅकची बंद उंची साधारण १५० ते १८० मिमी, पाच टनीची १९० ते २१५, दहा टनीची २०० च्या पुढे. कंपनीगणिक फरक पडतो, डब्यावर लिहिलेलं असतं. टन वाढले की बंद उंची वाढते, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. म्हणजे या जिम्नीला दोन टनीसुद्धा निवडून घ्यावा लागेल आणि दहा टनीचा प्रश्नच येत नाही.

चेसीवरून हेच काम केलं तर? एक्सल १९५ वरून ३४० वर जायचाय म्हणजे १४५, त्यात लोंबकळणं १०० धरलं तरी २४५ मिमीची उचल हवी. साध्या बॉटल जॅकची, वरचा स्क्रू पूर्ण बाहेर काढूनही, एवढी उचल बहुधा नसते.

यावर स्वस्तातला तोडगा आहे: रॅचेटचा, म्हणजे खटक्यानं आवळत जाणारा, सामान बांधायचा पट्टा. गाडी उचलायच्या आधी एक्सल आणि चेसी एकमेकांना पट्ट्यानं आवळून टाका, मग एक्सल लोंबकळणार नाही आणि चेसीबरोबरच वर येईल. पट्टा ब्रेकच्या पाइपवरून किंवा सेन्सरच्या वायरवरून जाऊ देऊ नका एवढं बघा.

तपासा: कागदावर खालचं माप, वरचं माप आणि (लागू असेल तर) चेसीची उचल लिहिलीये? नसेल तर पुढे वाचू नका, खरंच, पुढचं सगळं या तीन आकड्यांवर आहे.

## ४. आता जॅक निवडा

टनाचं आधी संपवू. एक कोपरा उचलताना पूर्ण गाडीचं वजन जॅकवर येत नाही, पण सामान, पाण्याचे कॅन, रूफ रॅक आणि तिरकी जमीन धरून हात सैल ठेवावा. जिम्नीला दोन टन भरपूर. थार, गुरखा, स्कॉर्पिओ यांना तीन टन घ्या, बंद उंची बसत असेल तरच.

कैचीचा जॅक. कंपनीसोबत येतो तो. हलका, बुटका, कुठेही मावतो. पण पाया तळहाताएवढा, आणि पूर्ण उघडला की डुगडुगतो. मूळ उंचीच्या गाडीला ठीक. लिफ्ट केलेल्या गाडीला एक्सलखाली चालू शकतो, चेसीवर नाही. टाकून देऊ नका, दुसरा जॅक म्हणून राहू दे, एक जॅक फसला की दुसरा कामाला येतो.

बॉटल जॅक. अखंड एक्सलवाल्यांसाठी माझं मत सरळ यालाच. लहान, स्वस्त, ताकद भरपूर, आणि दुरुस्ती कुठल्याही तालुक्याच्या गावी होते. घेताना तीन गोष्टी बघा. बंद उंची खालच्या मापातून फळी वजा करून उरेल त्याहून १० मिमी तरी कमी. पूर्ण उंची, स्क्रूसकट, फळी मिळवून वरच्या मापाच्या पुढे. आणि डोकं. साध्या बॉटल जॅकचं डोकं म्हणजे रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी चकती, त्यावर एक्सलची गोल नळी, वर चिखल, वर पाणी, ती सरकणार नाही तर काय. फॅब्रिकेशनवाल्याकडून डोक्यावर घट्ट बसणारी खाचेची टोपी बनवून घ्या, नळी त्या खाचेत बसते. टोपीची जाडी बंद उंचीत धरायला विसरू नका.

दोन टप्प्यांत उघडणारा, म्हणजे आतल्या नळीतून अजून एक नळी निघणारा बॉटल जॅक मिळाला तर उत्तमच, बुटका असून जास्त उंच जातो. थोडा महाग असतो.

ट्रॉली जॅक. गॅरेजसाठी. लहान लोखंडी चाकं मुरमात रुततात, आणि उचलताना जॅकला पुढेमागे सरकावं लागतं ते खडबडीत जमिनीवर होत नाही. प्रवासात नेऊ नका.

हाय-लिफ्ट, म्हणजे फार्म जॅक. बाहेर लटकवला की गाडी एकदम तयारीची दिसते आणि बहुतेक लोक त्यासाठीच घेतात, राग मानू नका. उंचीचा प्रश्न तो खरंच सोडवतो, ४८ इंची दांडा असतो आणि खालचा टेकू अगदी जमिनीजवळून उचलतो. पण तो चेसीला जोडलेला मजबूत बंपर किंवा स्लायडर मागतो. कंपनीच्या प्लास्टिक बंपरला तो लागतच नाही, आणि गोल पाइपच्या बुलबारवरून सटकतो. शिवाय वजन दहा-बारा किलोच्या वर. स्लायडर नसेल आणि चाकाच्या रिमला अडकवायचं जोडहूकही घेणार नसाल तर पैसे वाया. रिमचा हूक चिखलात रुतलेलं चाक वर काढायला चांगला, पण तेच चाक बदलायचं असेल तर त्याचा उपयोग नाही, कारण हूक त्याच चाकात अडकलेला.

हवेची बॅग. सायलेन्सरला पाइप लावून किंवा कंप्रेसरनं फुगवायची मोठी बॅग. मऊ वाळूत, भाताच्या खाचरात हिच्याइतकं काही चालत नाही, कारण पाया रुंद. पण गाडी हिच्यावर डुलते, आणि गरम सायलेन्सर, बोल्टचं टोक, काटेरी झुडपाचं खुंट यातलं काहीही लागलं की संपली. खाली आणि वर जाड चटई हवीच. जुन्या गाडीचा सायलेन्सर कुठे गंजून फुटला असेल तर बॅग फुगत नाही, तिथूनच धूर जातो.

लांब दांड्याचा हायड्रॉलिक जॅक. एआरबी कंपनीचा आहे तसा: १६५ मिमीपासून १२३० मिमीपर्यंत, २ टन, वजन साधारण साडेदहा किलो. हाय-लिफ्टचं काम करतो, हँडल उसळायची भीती नाही, खाली घेताना हळूच येतो. किंमत ऐकून मात्र बसायला खुर्ची मागाल. टेकायला मजबूत जागा यालाही लागतेच.

थोडक्यात निवड अशी: अखंड एक्सल असेल तर बॉटल जॅक आणि खाचेची टोपी. पुढे इंडिपेंडंट असेल तर जास्त उघडणारा बॉटल जॅक आणि रॅचेट पट्टा. स्लायडर असेल, फिरणं बरंचसं चिखलात असेल आणि वापरायची सवय करणार असाल तरच हाय-लिफ्ट.

## ५. जॅकसोबतचं सामान

फळी सगळ्यात महत्त्वाची. एका कोपऱ्याचं ओझं ६०० किलो धरा आणि बॉटल जॅकचा पाया १० बाय १० सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो. खाली ३० बाय ३० ची फळी ठेवली की तेच ओझं पाऊण किलोच्या आत येतं. पावसाळ्यात देशावरच्या काळ्या मातीत फळीशिवाय जॅक लावून बघा, गाडी जागची हलत नाही आणि जॅक पाताळात. कोकणात कातळावर किंवा जांभ्यावर खाली जायची भीती नसते, पण तिथे ओल्या शेवाळावर पाया घसरतो, म्हणून फळीच्या खालच्या बाजूला जुन्या टायरचा रबराचा तुकडा चिकटवून घ्या.

मग पाना. मोठ्या अलॉयला बऱ्याच वेळा बारीक, खोल खड्ड्यातले नट येतात आणि कंपनीचा एल पाना त्यात शिरतच नाही. पातळ भिंतीचा सॉकेट आणि लांब दांडा घ्या. नटांना चावी असेल तर ती गाडीतच हवी, घरच्या ड्रॉवरमध्ये नको. टायरवाला हवेच्या गननं नट आवळून देतो तेव्हा ते हातानं सुटतात का ते त्याच्या दुकानासमोरच बघायचं.

बाकी: चाकाला लावायचे दोन लाकडी ठोकळे, लालबुंद त्रिकोण, डोक्याला लावायची टॉर्च, गुडघ्याखाली घ्यायला पोतं, हातमोजे, रॅचेट पट्टा. आणि स्टेपनी. बाकी चार ३३ इंची आणि स्टेपनी कंपनीची, असं असेल तर ती फक्त हळू चालवत जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायला, आणि डांबरी रस्त्यावर त्या स्थितीत फोर बाय फोर टाकायचं नाही.

## ६. दारात रंगीत तालीम

सगळं सामान आणलं की एका रविवारी दारातच पूर्ण चाक बदला, एकदा पुढचं, एकदा मागचं. मागचं चाक बदलताना टायरची हवा सोडूनच सुरुवात करा. जॅक शिरतो का, टॉमी (जॅकचा दांडा) फिरवायला जागा मिळते का, की ती मडगार्डला आदळते, चाक बाहेर येईपर्यंत जॅकचा स्क्रू संपतो का, हे सगळं इथेच कळेल.

एमटी टायर आणि रिम मिळून तीस-चाळीस किलोपर्यंत जातं. एकट्यानं छातीशी धरून उचलायचं नाही. चाक हबसमोर उभं करा, खाली टॉमी किंवा पान्याचा दांडा आडवा सरकवा आणि पायानं दांडा दाबून चाक वर करत भोकं जुळवा. थारची स्टेपनी मागच्या दाराला उंचावर असते, ती खाली उतरवणं हीच अर्धी कसरत, त्याचीही तालीम होऊन जाऊ दे.

## ७. रस्त्यावर: क्रम मोडायचा नाही

१. जागा. उतारावर किंवा वळणावर पंक्चर झालं तर हळूहळू सपाट जागेपर्यंत जा. टायर वाया जाईल, जाऊ दे. एक्स्प्रेस-वेवर वाहत्या गाड्यांच्या बाजूचं चाक असेल तर स्वतः बदलू नका, सगळ्यांना कठड्यापलीकडे उभं करा आणि महामार्गाच्या १०३३ वर फोन करा.

२. लोकांना खाली उतरवा. इंडिकेटर चारही चालू, त्रिकोण बराच मागे.

३. हँडब्रेक, पहिला गिअर किंवा पार्क, आणि फोर-लो (चारही चाकं जोडणारा कमी वेगाचा गिअर) टाका. एक चाक हवेत गेलं की त्या एक्सलला गिअर धरून ठेवत नाही, फोर-लोमुळे दुसरा एक्सल तरी धरून राहतो.

सावधान: ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी, फोर-लो टाकतो ती) न्यूट्रलवर राहिली असेल तर गिअरमध्ये असूनही, पार्कमध्ये असूनही गाडी सुटते. आणि जुनी विलीज किंवा लँड रोव्हर डिफेंडर असेल तर तिचा हँडब्रेक चाकावर नसून मागच्या प्रोपेलर शाफ्टवर असतो, म्हणजे मागचं एक चाक उचललं की तो हँडब्रेक असून नसल्यासारखा.

४. तिरक्या विरुद्ध चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे. नुसता एक दगड पुढून लावून चालत नाही.

५. नट अर्धा फेरा सैल करा, चाक जमिनीवर असतानाच. हे विसरून आधी गाडी उचलतात आणि मग वर लोंबकळत्या गाडीला पान्यावर उभं राहून हिसके देतात. याच एका गोष्टीनं जॅकवरून सगळ्यात जास्त गाड्या पडत असतील.

६. चेसीवरून उचलणार असाल तर पट्टा आता आवळा.

७. जमीन सपाट करून फळी, फळीवर जॅक, जॅक अगदी उभा. बॉटल जॅकचा स्क्रू आधी हातानं फिरवून नळीला टेकेपर्यंत वर घ्या, मगच पंप मारा, म्हणजे हायड्रॉलिकची सगळी उचल हातात राहते. हे उलटं केलं की नेमकी शेवटच्या दोन बोटांची उंची कमी पडते.

८. थोडं उचला आणि थांबा. मागे जाऊन बघा जॅक तिरका होतोय का. फळी एका बाजूनं रुततेय का. होत असेल तर खाली घ्या आणि परत लावा. "होईल हो" म्हणून पुढे जायचं नाही.

९. चाक काढायच्या आधी स्टेपनी गाडीखाली, चेसीच्या खाली आडवी सरकवा. जॅक सटकलाच तर गाडी स्टेपनीवर बसते, ब्रेक डिस्कवर किंवा तुमच्या हातावर नाही. काढलेलं चाक खाली सरकवलं की मग स्टेपनी बाहेर ओढा.

सावधान: गाडी जॅकवर असताना डोकं किंवा छाती तिच्याखाली नाही, एका सेकंदासाठीही नाही. आणि इंजिन सुरू करून गिअर टाकायचा तर विचारसुद्धा नको, लॉक होणारं डिफरन्शियल असेल तर जमिनीवरचं दुसरं चाक गाडीला जॅकवरून ओढून नेतं.

१०. चाक चढवा, नट हातानं, निमुळती बाजू आत. समोरासमोरचे नट आलटून पालटून बसवा. आट्यांना ग्रीस नको.

११. खाली घ्या, मग पूर्ण आवळा. टॉर्क, म्हणजे नट किती जोरानं आवळायचा ते, मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. पान्यावर उड्या मारणं हा टॉर्क नाही. पट्टा सोडा, फोर-लो काढा, ठोकळे सगळ्यात शेवटी.

१२. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर थांबून नट परत बघा, अलॉय असेल तर नक्कीच.

## ८. हाय-लिफ्टवाल्यांसाठी वेगळं

हा जॅक माफ करत नाही. त्याचं हँडल ओझ्याखाली सुटलं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत वर येतं, आणि वर तुमचा जबडा असेल तर जबडा. म्हणून बाजूला उभं राहायचं, दोन्ही हातांनी धरायचं, डोकं हँडलच्या रेषेत आणायचंच नाही. प्रत्येक टप्प्याला पिन भोकात बसल्याचा "टक" ऐकू आलाच पाहिजे. आवाज दबका आला किंवा आलाच नाही तर पिनमध्ये चिखल आहे, तिथेच थांबा.

खाली घ्यायचं असेल तेव्हा हँडल पूर्ण उभं करून दांड्याला चिकटवा आणि मगच उलट-सुलटचा खटका फिरवा. हँडल अर्ध्यात असताना खटका फिरवला की ते स्वतःच वर-खाली आपटायला लागतं आणि त्याला हातानं थांबवता येत नाही, मागे सरका आणि आपटू द्या. आणि ओझं अगदी हलकं असेल तर हा जॅक टप्प्याटप्प्यानं उतरत नाही, धपकन खाली येतो.

गाडी जेवढी उंच तेवढी ती या जॅकवर बाजूला कलते, त्यामुळे चाकाखाली फक्त गरजेपुरती फट पडली की थांबा. दांडा चार फूट आहे म्हणून चार फूट उचलायची नसते.

## ९. पावसाळ्याआधी एकदा

बॉटल जॅक उभाच ठेवायचा, व्हॉल्व्ह बंद, पट्ट्यानं बांधलेला. आडवा पडला की तेल गळतं आणि आत हवा जाते, मग पंप मारला तरी तो नुसता स्पंजासारखा लागतो. तसं झालं तर व्हॉल्व्ह उघडून काही वेळा पंप मारा, बंद करा, परत बघा. तेल कमी असेल तर हायड्रॉलिक जॅकचंच टाका, ब्रेक ऑइल टाकलंत तर आतली सीलं फुगून जॅक गेला.

हाय-लिफ्ट बाहेर लावलेला असेल तर त्याच्या पिना धुळीनं जाम होतात. ब्रशनं साफ करून पातळ तेल मारा, ग्रीस नको, त्यावर धूळ बसून अजून जाम होतं. वर्षभर बोनेटवर मिरवलेला जॅक पहिल्यांदा काढला आणि तो वरच सरकेना, हे बघायला मिळतं.

आणि टायरचा साइज बदलला, स्प्रिंग बदलली, नवा बंपर बसवला, काहीही केलं की तिसऱ्या टप्प्यातली मापं परत घ्यायची, तो कागद सन व्हायझरला खोचून ठेवलेला बरा.